लाल ब्लेंडचा सातबारा

दोन किंवा अधिक जातींच्या काळ्या द्राक्षांच्या वाइन एकत्र करून जी लाल वाइन तयार होते, तिला रेड ब्लेंड म्हणतात. व्याख्या एवढीच. कोणत्याही वायनरीत ती अर्ध्या मिनिटात सांगून होते. पण पाहुणे कसाऱ्याचा घाट चढून मुंबईहून चार तासांनी पोहोचलेले असतात आणि अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी चार तास मोडणं कोणालाच परवडत नाही. म्हणून या व्याख्येभोवती दीड तासाची एक फेरी रचलेली असते. तिच्यात बाग, टाक्या, पिंपं, पाच ग्लास आणि शेवटी बिल, एवढं येतं.

नाशिक जिल्ह्यात अशा छोट्या वायनऱ्या दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या तालुक्यांत विखुरलेल्या आहेत. मोठी वायनरी शोधावी लागत नाही; शनिवारी गंगापूर धरणाच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांच्या मागे गेलं की ती आपोआप येते. छोटीचं तसं नसतं. फाट्यावर तिची पाटी असते, पण त्याच खांबावर कांदा बियाण्याची, ठिबक सिंचनाची आणि कुण्या युवा नेत्याच्या वाढदिवसाचीही पाटी असते आणि युवा नेता सगळ्यांत मोठा असतो. मोबाइलमधली बाई ‘आपण पोहोचला आहात’ म्हणते तेव्हा समोर कांद्याची चाळ आणि चाळीच्या सावलीत झोपलेलं कुत्रं असतं. तिथे बांधावरच्या माणसाला ‘वायनरी कुठे आहे?’ असं विचारलं की तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, “नानांची का? सरळ जा. डीपीपाशी डावीकडं वळा.” हा पत्ता अचूक असतो. चुकतो तो नकाशा.

नाना हे बहुतेक छोट्या वायनऱ्यांत असतात, नाव निराळं असलं तरी. मूळचा धंदा खायच्या द्राक्षांचा. मुलगा किंवा पुतण्या वाइन शिकून आलेला असतो आणि फेरी तोच घडवतो. नाना लांब प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ऐकतात, आणि पुतण्या ‘टेरुआर’ म्हणाला की मध्येच म्हणतात, “म्हणजे मुरूम.” यात तथ्य आहे. फ्रेंच माणूस जमीन, उतार, हवा आणि पाणी या सगळ्यांचा मिळून जो गुण सांगतो, त्यातला निम्मा हिस्सा या भागात मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीचा आहे. उरलेला हिस्सा समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरच्या उंचीचा आणि थंडीतल्या रात्रींचा. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी दर डिसेंबरात छापून येते. ती वाचून लोक स्वेटर काढतात आणि द्राक्षं आपली आंबटाई राखतात.

फेरी बागेपासून सुरू होते आणि पहिला गोंधळही तिथेच होतो. खायच्या द्राक्षाची आणि वाइनच्या द्राक्षाची बाग पुष्कळदा शेजारीशेजारी असते आणि पाहुण्यांना चुकीची आवडते. थॉमसन सीडलेसचे घड डौलदार, मणी लांबट आणि फुगीर, फोटोला उत्तम. त्याच्या शेजारी शिराझचा घड म्हणजे करवंदांची मूठ. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पाहुणा एक तोडून तोंडात टाकतो, गोडीने चकित होतो आणि लगेच बी चावून तोंड वाकडं करतो. खायचं द्राक्ष अठराच्या आसपास ब्रिक्सला उतरवतात. लाल वाइनचं तेवीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. म्हणजे शंभर ग्रॅम रसात तेवीस-चोवीस ग्रॅम साखर. ती पाहुण्यासाठी नसते, यीस्टसाठी असते.

लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून जवळजवळ बिनरंगीच निघतो. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. याचा अर्थ असा, की मणी फुगवण्यासाठी द्राक्ष बागायतदार जे जे करतो, जिब्रेलिक अ‍ॅसिडमध्ये घड बुडवण्यापासून, ते ते इथे करायचं नसतं. आजोबांनी मणी मोठा केला, वडिलांनी तो एक्सपोर्टला पाठवला आणि आता पुतण्या सांगतो की मणी लहानच बरा. एका घरात एवढी मतांतरं राजकारणावरूनही होत नाहीत.

युरोपातला वेल हिवाळ्यात बर्फाखाली झोपतो आणि शरदात फळ देतो. इथे त्याला झोपायला हिवाळाच मिळत नाही. सोडला तर तो वर्षातून दोनदा फळायला बघेल. म्हणून दोनदा छाटतात आणि एकदाच पीक घेतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. फ्रान्समधल्या बोर्दोतले लोक जॅकेट घालून रिकाम्या काड्या छाटत असतात तेव्हा दिंडोरीत क्रेट भरत असतात. ऑगस्टमध्ये गेलेल्या पाहुण्याला फक्त पानं, डावणीची फवारणी आणि चिखल बघायला मिळतो, आणि बुटांना लागलेल्या चिखलाचाही तो फोटो काढतो.

या बागा इथे आल्या कशा, हे पुतण्या सहसा सांगत नाही, नाना सांगतात. राज्य सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले. शेतकऱ्यांनी कर्ज काढून कॅबर्ने लावली. मग 2008 ची मंदी आली, हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांत पडून राहिली आणि अनेकांनी बागा उपटल्या. खायच्या द्राक्षाला व्यापारी मिळाला नाही तर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष बियांमुळे कोणी खात नाही, बेदाण्याला चालत नाही आणि गाईने किती खावं यालाही मर्यादा आहे. जे टिकले त्यांनी स्वतःच वायनरी काढली, कारण माल विकत घेणारा नसेल तर आपणच विकत घ्यावा, हा एक मार्ग उरतो. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाइन दारू की शेतमाल यावर महाराष्ट्राने काही आठवडे जोरदार वाद घातला. निर्णय कागदावरच राहिला. नानांचं मत विचारलं तर ते म्हणतात, “बागेत आहे तोवर शेतमाल. टाकीत गेला की दारू. आणि गारपीट झाली की काहीच नाही.”

बागेनंतर शेड. चॅटो, म्हणजे वेलींनी वेढलेला दगडी वाडा, डोक्यात घेऊन आलेल्या पाहुण्याची इथे सर्वांत मोठी निराशा होते, कारण छोटी वायनरी आतून अगदी दूध डेअरीसारखी दिसते. स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पायाखाली ओली फरशी, जाड पाइप, गमबूट घातलेली दोन पोरं आणि कोपऱ्यात जनरेटर. फरक वासात. डेअरीत ताक आठवतं, इथे इडलीचं पीठ फुगून भांड्याबाहेर आल्यावर स्वयंपाकघरात जो वास येतो, तोच, पण जांभळ्या रंगाचा.

पायांनी द्राक्षं तुडवायची असतील तर ती हौस महोत्सवात पैसे भरून भागते. इथे यंत्र देठ काढतं, मणी फोडतं आणि साल, बी, गर सगळं एकत्र टाकीत जातं. यीस्ट साखर खाते आणि तिची दारू व कार्बन डायऑक्साइड करते. वायूच्या जोराने साली वर येऊन तिथे जाड थर बसतो. तो दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबावा लागतो, नाहीतर खालचा रस फिका राहतो आणि वरच्या सालीचं व्हिनेगर व्हायला लागतं. हे काम बघायला सोपं असतं. एखादा पाहुणा “मी करून बघू?” म्हणतो, पोरं दांडा हातात देतात, चार दाबांत त्याचा चेहरा टाकीच्या रंगाचा होतो आणि पोरं दांडा परत घेतात. टाकीत वाकून वास घेऊ देत नाहीत. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि भरलेल्या टाकीच्या तोंडाशी साचतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीने कंदील सोडून बघणाऱ्या गावात ही गोष्ट कोणाला समजावावी लागत नाही. समजावावी लागते ती इंजिनिअरांना.

टाकीपाशी दरवेळी होणारा एक संवाद आहे. पाहुण्यांसोबत एखादी आजी आलेली असते, आपण काहीच घेणार नाही असं गाडीतच जाहीर करून. ती विचारते, “साखर कधी घालता रे यात?”

“घालत नाही आजी. द्राक्षाचीच साखर असते.”

“मग गोड लागत असेल.”

“नाही, साखर यीस्टने खाल्ली ना.”

“सगळी?”

“सगळी.”

“मग तुम्हाला काय ठेवलं?”

रसायनशास्त्राच्या पुस्तकात किण्वनाचं वर्णन यापेक्षा लांब असतं, नेमकं असतंच असं नाही. आजींचा मुद्दा बाकीच्या पाहुण्यांनाही दहा मिनिटांनी, पहिल्या घोटाला, पटतो. गोव्याहून आणलेली पोर्ट वाइन हीच ज्यांची आजवरची लाल वाइन असते, त्यांना कोरडी लाल वाइन म्हणजे फसवणूक वाटते. विशेष म्हणजे आजींच्या घरी जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव नियमाने घेतलं जातं. आसवही आंबवूनच होतं, त्यात धायटीची फुलं पडतात आणि अल्कोहोल त्यात आपसूक तयार होतं. पण ते औषधाच्या दुकानात मिळतं, शिवाय चमच्याने घेतात.

पिंपांची खोली हे शेडमधलं देवघर. चपला काढायला सांगत नाहीत एवढंच. आवाज मात्र सगळे आपणहून खाली आणतात. बोर्दो पद्धतीच्या ओकच्या पिंपात 225 लिटर मावतं, म्हणजे नेमक्या 300 बाटल्या. लाकडाच्या छिद्रांतून थोडी वाइन उडून जाते आणि थोडी हवा आत येते. त्या हवेने तुरटपणा मऊ होतो आणि लाकूड आपला व्हॅनिलासारखा वास देतं. उडालेल्या हिश्शाला युरोपात देवदूतांचा वाटा म्हणतात. नानांच्या वहीत तो ‘तूट’ या सदराखाली आहे. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे या खोलीत चोवीस तास एसी चालतो. गावातला तो एकमेव एसी असतो, आणि मे महिन्यात हिशेब लिहिण्यासाठी, फोन घेण्यासाठी, झालंच तर पुतण्याशी भांडण्यासाठी नानांना हीच खोली लागते.

आता ब्लेंड. वाइन शेवटी एकत्रच करायच्या तर आधी इतका खटाटोप करून त्या वेगवेगळ्या का करतात, हा पाहुण्यांचा प्रश्न रास्त आहे. कारण असं की प्रत्येक जात वेगळ्या आठवड्यात पिकते. मर्लो लवकर येते, कॅबर्ने सोविन्यों तिच्यामागून. बोर्दोत पाऊस कधी येईल याचा भरवसा नसल्याने तिथल्या शेतकऱ्याने दोन्ही लावल्या: एकीला पावसाने धरलं तर दुसरी हाताशी राहावी. आज जगभर जिला अभिजात रचना म्हणतात ती मुळात पीकविम्याची युक्ती होती. फेब्रुवारीत अवकाळी आणि मार्चमध्ये गारपीट बघितलेल्या नाशिककराला ती समजायला वाइनचा कोर्स लागत नाही. तो शेजारी टोमॅटोही लावूनच असतो.

बोर्दोच्या ब्लेंडला संतुलन, सुसंवाद, वाद्यवृंद अशा उपमा देण्याची रीत आहे. खरं म्हणजे ती भावकी आहे, शब्दशः. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात 1997 साली डीएनए तपासून कॅबर्ने सोविन्योंचे आईबाप सापडले: कॅबर्ने फ्रां ही काळी जात आणि सोविन्यों ब्लां ही पांढरी. पुढे कळलं की मर्लोचा बापही कॅबर्ने फ्रांच. कार्मेनेरही त्याचीच. मर्लोची आई आणि माल्बेकची आई एकच. म्हणजे एका बाटलीत सगळे सख्खे-सावत्र भाऊ बसलेले असतात, आणि मागच्या लेबलवर कोणाचे किती टक्के ते छापलेलं असतं. हे लेबल वाचायला मराठी माणसाइतका तयार वाचक जगात मिळणार नाही, कारण तो सातबारा वाचत मोठा झालेला असतो. कॅबर्ने साठ टक्के, मर्लो अडतीस टक्के, पेती व्हर्दो दोन टक्के. दोन टक्केवाला पेती व्हर्दो म्हणजे ज्याच्या वाट्याला दोन गुंठे आलेत आणि ज्याची सही मिळाल्याशिवाय काहीही विकता येत नाही असा पुण्यातला चुलता. तो नसता तर काय बिघडलं असतं हे कोणाला सांगता येत नाही. पण वायनरीवाले सांगतात, की तो काढला की रंग उतरतो.

युरोपीय संघात 85 टक्के वाइन एका जातीची असली की लेबलवर फक्त तिचं नाव लावता येतं. अमेरिकेत 75 टक्क्यांतही भागतं. म्हणजे नुसती ‘कॅबर्ने’ म्हणून विकली जाणारी बाटलीही आतून ब्लेंड असू शकते. छोट्या हिस्सेदारांची नावं उताऱ्यावर चढलेलीच नसतात.

नाशिकमध्ये सर्रास दिसणारी जोडी मात्र भावकीतली नाही. कॅबर्ने-शिराझ ही सोयरीक आहे. शिराझ इराणातल्या त्याच नावाच्या शहरातून आली अशी दंतकथा बरीच वर्षं चालली. तपासात तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधले निघाले, द्यूरेझा आणि माँद्यूझ ब्लांश. बोर्दोशी नातं नाही. तरी एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या अशक्त वाइनमध्ये ऱ्होनकाठच्या हर्मिटाजची शिराझ मिसळून तिला अंग आणत, आणि त्याबद्दल फार बोलत नसत. ऑस्ट्रेलियनांनी तेच उघडपणे, वाजतगाजत केलं. भारतात ही जोडी जमली त्याचं कारण साधं आहे: कॅबर्नेला कणा आहे पण मधेच पोकळी आहे, शिराझला मांस आहे पण कणा कमी. पत्रिका बघणारा याहून वेगळं काही सांगत नाही.

प्रत्यक्ष ब्लेंड टेबलावर ठरतं. शंभर मिलिलिटरची मोजनळी, प्रत्येक टाकीतला नमुना आणि एक कॅल्क्युलेटर. साठ-तीस-दहा, पन्नास-चाळीस-दहा, असे ग्लास मांडायचे, चाखायचे, थुंकायचे, लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण काल आवडलेलं आज आवडेल याची खात्री नसते. गोडा मसाला करणाऱ्या घरात दगडफूल चिमूटभर वाढवायचं की नाही यावर असाच खल चालतो, तोही कॅल्क्युलेटरशिवाय. पण एक गोष्ट पुस्तकांत कमी सापडते. टाकी अर्धवट भरलेली ठेवता येत नाही. वरच्या पोकळीतल्या हवेने वाइन खराब होते. दोन हजार लिटरच्या टाकीत सतराशे लिटर कॅबर्ने असेल तर उरलेले तीनशे लिटर कशाने तरी भरलेच पाहिजेत. तेव्हा चाखण्याच्या तीन दिवसांनंतर जे प्रमाण निघतं ते आणि टाकीत जेवढी जागा आहे ते प्रमाण, ही दोन्ही बहुधा जुळतात. पुतण्या त्याला अंतःप्रेरणा म्हणतो. नाना टाकीकडे बघतात.

यानंतर टेस्टिंग, म्हणजे ज्यासाठी सगळे आले ते. लांब टेबल, प्रत्येकापुढे ग्लास, मध्ये थुंकण्याचं भांडं. भांडं शेवटपर्यंत कोरडं राहतं. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकायची ही कल्पना मराठी मनाला मानवत नाही. थुंकण्याची एरवी हरकत नसते.

आधी ग्लास तिरका धरून रंग बघायचा, मग फिरवायचा. फिरवल्याने वास मोकळा होतो, हे खरं. फिरवल्यावर काचेवरून जे ओघळ उतरतात त्यांवरून वाइनची प्रत ओळखता येते, हे खरं नाही. ते ओघळ पाणी आणि अल्कोहोल यांच्या पृष्ठताणातल्या फरकाने होतात. जेम्स थॉमसन यांनी 1855 मध्येच त्याचं स्पष्टीकरण दिलं आहे. तरी टेबलावरचा एक पाहुणा ओघळांकडे डोळे बारीक करून बघतो आणि “चांगली आहे” म्हणतो. हा पाहुणा परदेशात जाऊन आलेला असतो. जो गेलेला नसतो तो ग्लास उलट्या दिशेने फिरवतो आणि ब्लेंड शेजाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर उतरतं.

मग वास. वाइनच्या वासांचं एक चक्र आहे. ते डेव्हिसच्याच अ‍ॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात तयार केलं, आणि त्याच्या प्रती बऱ्याच टेस्टिंग रूममध्ये लॅमिनेट करून ठेवलेल्या असतात. कॅबर्नेसमोर हमखास सांगितला जाणारा शब्द म्हणजे ब्लॅककरंट. टेबलावरच्या बाराच्या बारा जणांना ब्लॅककरंट माहीत असतो आणि एकानेही ते फळ पाहिलेलं नसतं. सगळ्यांची ओळख आइस्क्रीममधली. त्यामुळे “ब्लॅककरंट येतोय?” असं विचारल्यावर सगळे हो म्हणतात आणि मनात दुधाचा वास शोधतात. खरं उत्तर कोणीतरी कोपऱ्यातून, दबक्या आवाजात देतं: “जांभूळ नाही का?” आणि एकदम टेबल मोकळं होतं. करवंद. कोकम. ओली सुपारी. आजोबांची तपकिरीची डबी. उन्हात तापलेला चामड्याचा पट्टा. फ्रेंच माणूस ज्याला ‘टॅनिन’ म्हणून चार वाक्यांत समजावतो त्याला मराठीत शेंबडं पोरगंही ‘तुरट’ म्हणतं. कच्चं जांभूळ, हिरडा, फार उकळलेला कोरा चहा. जिभेवर ती पारख लहानपणापासून तयार असते, फक्त तिला कोणी पैसे देऊन विचारलेलं नसतं.

दोन वास मात्र कल्पनेचे नाहीत. कॅबर्नेत कधी ढोबळी मिरची येते. ढोबळी मिरचीत जे पायराझिन असतं तेच कॅबर्नेतही असतं, द्राक्ष कमी पिकलं की अधिक. शिराझमध्ये काळी मिरी येते, कारण मिऱ्यातलं रोटंडोन शिराझच्या सालीत सापडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते दाखवलं. गंमत अशी, की साधारण पाचातल्या एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही. बारा जणांच्या टेबलावर असे दोन-तीन तरी निघावेत. पण मिरी आली का म्हटल्यावर बाराही माना हलतात.

यात पाहुण्यांना हसण्यासारखं फारसं नाही. बोर्दोत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच वाइन चव नसलेल्या रंगाने लाल करून पुन्हा दिली. लाल ग्लासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांनीच केलं. ते विद्यार्थी बोर्दोचे होते. दिंडोरीच्या टेबलावर बसलेल्या विमा एजंटाने चुकीच्या ग्लासात जांभूळ शोधलं तर तो त्याच परंपरेतला म्हणायचा.

टेस्टिंगसोबत चीज आणि क्रॅकर येतात. चीज चार तुकडे. पाहुणे बारा. तिखट जेवण आणि तुरट लाल वाइन यांचं फारसं पटत नाही. अल्कोहोलने तिखट आणखी पेटतं आणि तिखटाने वाइन कडू लागते. हे पुतण्या समजावून सांगत असतानाच आतून काळ्या मसाल्यातल्या मटणाचा वास येतो. ते घरच्यांसाठी असतं. विचारलं तर ताटं वाढली जातात, बाजरीची भाकरी आणि ठेचाही, आणि सगळा सिद्धांत रश्शात बुडतो. लाल ब्लेंड आणि मटण रस्सा एकत्र चालत नाहीत, हे ठरवायला मग तिसरी वाटी लागते. गाडी चालवणारा पाहुणा एवढा वेळ लिंबू सरबत घेऊन बसलेला असतो. कोणत्या ग्लासात काय होतं हे संध्याकाळी फक्त त्याच्याच लक्षात असतं.

खरेदीचं गणित ठरलेलं आहे. दीड तास ऐकून घेतलंय, मटण खाल्लंय, तेव्हा रिकाम्या हाताने उठणं बरं दिसत नाही. सर्वांत महाग बाटली रिझर्व्ह ब्लेंडची. तिचं कौतुक होतं. मधल्या किमतीची घेतली जाते. “काका, दोन घ्या, पुन्हा कुठं येताय,” असं पुतण्या म्हणतो, आणि काका दुसरी कोणाला तरी द्यायला होईल म्हणून घेतात. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर बेदाण्याच्या पुड्या ठेवून डिकीत जातात, जेणेकरून सोसायटीच्या वॉचमनला बेदाणे दिसावेत.

लाल वाइन अंधारात, आडवी आणि पंधरा अंशांच्या आसपास ठेवावी. दोन खोल्यांच्या घरात अशी जागा नसते, म्हणून ती फ्रिजवर उभी राहते, जिथे घरातली सर्वांत जास्त ऊब आणि थरथर असते. ‘काहीतरी निमित्त होऊ दे’ म्हणून ती दिवाळीपर्यंत थांबते आणि दिवाळीत सगळे घरी असतात म्हणून नाताळपर्यंत. उघडायच्या वेळी लक्षात येतं की बूच काढायचं यंत्र घरात नाही. स्क्रू आणि पक्कड यांनी प्रयत्न होतो, मग बूच आत ढकललं जातं आणि चहाच्या गाळणीतून वाइन ग्लासात येते. चार जणांत अर्धी संपते. उघडलेली लाल वाइन तीन-चार दिवस बरी राहते; पाचव्या दिवशी ती रविवारच्या मटणात जाते.

बाटली घासून पुसून खिडकीत ठेवतात आणि तिच्यात मनी प्लांट लावतात. मागचं लेबल कितीही भिजवलं तरी निघत नाही, त्यामुळे पांढऱ्या मुळ्यांच्या आडून कॅबर्ने, शिराझ, पेती व्हर्दो आणि त्यांचे टक्के पुढची दोन-तीन वर्षं वाचता येतात.